एकोणचाळीस मिनिटांचा फरक : महाड आणि पोलादपूरच्या घड्याळांचा शोध

माझ्या आजी-आजोबांची लग्नपत्रिका माझ्याकडे आहे. आजोबा दासगावच्या बंदरावर एका वखारीत कारकून होते, आजी पोलादपूरची. लग्न मे १९३५च्या मध्यावर पोलादपुरात लागले. पत्रिकेचा कागद पिवळा पडून घडीवर फाटला आहे, पण मजकूर वाचता येतो : ‘गोरज मुहूर्त, सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटे’. पुढे काहीच नाही. वेळ कोणती ते लिहिलेले नाही.

पुष्कळ वर्षे ही ओळ माझ्या डोळ्यांखालून नुसतीच गेली. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. महाडात माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे आणि जुनी पंचांगे, पत्रिका, पावत्या गोळा करण्याचा नाद आहे. एकदा सहज पोलादपूरच्या सूर्यास्ताचा हिशोब मांडला आणि थबकलो. मेच्या मध्यावर तिथे सूर्य मावळतो आजच्या घड्याळात सात वाजून एक-दोन मिनिटांनी. म्हणजे ६ वाजून २४ मिनिटांनी दिवस अजून चांगला कासराभर वर असतो. गुरे घरी परतत नाहीत, धूळ उडत नाही, मग तो गोरज मुहूर्त कसला? भटजी चुकले म्हणावे, तर पंचांग पाहून वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकणारा माणूस एवढी ढोबळ चूक करणार नाही.

उत्तर घरातच होते. आजी एक गोष्ट हसत सांगायची. तिच्या लग्नात कोर्टातले एक मामा ‘वेळेवर’ आले, मांडवात कोणी तयार नाही म्हणून रागावले आणि पान न खाताच एका बाजूला जाऊन बसले. मामांचे घड्याळ कचेरीच्या वेळेला लावलेले होते. पत्रिका छापणाऱ्याने मात्र मुंबईची वेळ धरली होती. दोन्हींत फरक एकोणचाळीस मिनिटांचा. ६ वाजून २४ मिनिटांत एकोणचाळीस मिळवा, ७ वाजून ३ मिनिटे होतात. सूर्य नुकताच टेकलेला. भटजी बरोबर होते. मामाही बरोबर होते.

या एकोणचाळीस मिनिटांच्या मागे लागून मी महाड आणि पोलादपूर या दोन गावांच्या घड्याळांपर्यंत पोहोचलो. गावे अठरा-एक किलोमीटरवर. पण त्यांच्या वेळा इतक्या जवळ कधीच नव्हत्या.

सूर्याची वेळ आणि सरकारची वेळ

आधी हिशोब समजून घेऊ. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका रेखांशाला चार मिनिटे. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला ७२ अंश ४९ कलांच्या आसपास, म्हणून मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आणि तारखाते मद्रासच्या वेळेवर चालू लागले. मुंबई शहर आपल्या वेळेवर राहिले. १८८१मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. शहराने ती मानली नाही आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६पासून सबंध हिंदुस्थानसाठी एक प्रमाणवेळ ठरली. साडेब्याऐंशी अंशांच्या, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या घड्याळाला ती एकोणचाळीस मिनिटांनी पुढे ओढणारी होती. त्याच जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले. पहाटेच्या अंधारात आणखी पाऊण तास आधी उठायचे ते कोणासाठी, हा त्यांचा साधा प्रश्न. त्या कामगारांत रत्नागिरी, सातारा आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यातले लोक मोठ्या संख्येने होते. नगरपालिकेनेही मुंबई वेळ सोडली नाही. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे एका वेळेवर, शहराची घड्याळे दुसऱ्या वेळेवर, असे १९५५पर्यंत चालले. स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षे!

आता महाड. रेखांश ७३ अंश २५ कला. म्हणजे महाडचा सूर्य मुंबईच्या सूर्याहून अडीच मिनिटे पुढे आणि प्रमाणवेळेच्या छत्तीस मिनिटे मागे. मुंबई वेळ आमच्या लोकांना अंगाला बसणारी होती. प्रमाणवेळ उसन्या अंगरख्यासारखी ढगळ. मुंबईची वेळ बोटीने इथे येत होती, मनिऑर्डरीसारखीच. रेल्वे मात्र आमच्या बाजूला फिरकलीच नाही. कोकण रेल्वेचे वीर स्थानक झाले ते १९९३मध्ये. त्यामुळे बाकीच्या महाराष्ट्राला स्टेशनच्या घड्याळाने जी शिस्त लावली, ती आमच्याकडे पोहोचायला फार उशीर झाला.

महाड आणि पोलादपूर यांच्या रेखांशातला फरक जेमतेम तीन कलांचा. सूर्याच्या हिशोबात बाराएक सेकंद. जुन्या मापाने अर्धे पळ. साठ पळांची घटका आणि साठ घटकांचा दिवस मोजणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यालाही एवढ्या फरकाची दखल घ्यावीशी वाटली नसती. तरीही या दोन गावांचे दिवस वेगळे होते, कारण ते वेगळ्या गोष्टींनी मोजले जात.

महाड : पाण्याचे घड्याळ

महाडचे घड्याळ सावित्री. बाणकोटच्या मुखातून भरती आत शिरते, म्हाप्रळ, दासगाव ओलांडून महाडच्या कुशीपर्यंत येते. मोठी गलबते म्हाप्रळ-दासगावला थांबत, लहान होड्या उधाणाच्या पाण्यावर महाडपर्यंत येत. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज दुपारी बाराला आलेले पाणी उद्या पाऊण वाजता, परवा दीड वाजता. त्यामुळे बंदरावरच्या माणसाची ‘सकाळची वेळ’ रोज बदलते. माझे आजोबा कधी पहाटे तीनला वखार उघडत, कधी दुपारी. घरचे त्यांना तिथी विचारत, वाजले किती ते नाही.

यासाठी किनाऱ्यावर एक सुटसुटीत गणित आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. एकदा दिवसा, एकदा रात्री. खाडीत आत जाल तसा त्यात थोडा उशीर धरायचा. हे गणित कोळी, खारवी, तांडेल सगळ्यांना तोंडपाठ. मी ते आजच्या भरती-कोष्टकांशी ताडून पाहिले तेव्हा बहुतेक दिवशी अर्धा-पाऊण तास कमी पडत होते. आधी वाटले, जुने लोक ढोबळ बोलत. मग लक्षात आले, गणित चुकलेले नाही. ते सूर्याच्या वेळेवर बसवलेले आहे आणि मी ते प्रमाणवेळेवर तपासतो आहे. एकोणचाळीस मिनिटे मिळवली की ते पुष्कळसे जुळते. मुंबई वेळ कायद्याने १९५५मध्ये संपली, पण या गणितात ती अजून जिवंत आहे.

आमच्याच कुलाबा जिल्ह्यातल्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता मोठे गणिती झाले. त्यांनी पंचांगाला प्रत्यक्ष आकाशाशी जुळवण्याचा आग्रह धरला. पंचांगातली तिथी आणि खाडीतले पाणी एकाच चंद्राने बांधलेले आहे, हे आमच्या तांडेलांना वेधशाळेशिवाय ठाऊक होते. केरोपंतांनी ते आकड्यांत आणले.

पोलादपूर : डोंगराचे घड्याळ

पोलादपूर सावित्रीच्याच काठी, पण वर. तिथे गलबत नाही. नदी महाबळेश्वराच्या कड्यांतून उतरते आणि गाव त्या कड्यांच्या पायथ्याशी. पूर्वेला आंबेनळीचा घाट, दक्षिणेला कशेडी. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात, प्रतापगड माथ्यावर.

माझे आजोळ तिथलेच. आजीकडे वेळ विचारली तर ती दाराबाहेर पाही. ‘कड्यावर ऊन आलंय’, ‘ऊन परड्यात उतरलं’, ‘सावली पायाखाली आली’. हे बोलणे मोघम वाटते, पण नाही. सूर्य क्षितिजावर आल्यावर पोलादपुरातल्या माणसाला तो लगेच दिसत नाही. पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर महाबळेश्वराची भिंत सुमारे चौदाशे मीटर उंच उभी आहे. माझा हिशोब असा की ती भिंत चढून यायला सूर्याला वीसएक मिनिटे लागतात, ऋतूप्रमाणे थोडी कमी-जास्त. रेखांशाने दोन गावांत बारा सेकंदांचा फरक केला, एकट्या डोंगराने वीस मिनिटांचा!

या गावाचे कामही घाटाचे. रेल्वे येण्याआधी मुंबईचे साहेब लोक महाबळेश्वरला जायला याच वाटेने येत. बोटीने बाणकोट, खाडीने म्हाप्रळ किंवा महाड आणि पुढे पालखीतून पोलादपूरमार्गे पारघाट. पुढे गाडीरस्ता झाला, तो फिट्झगेराल्ड घाट, आजचा आंबेनळी. घाट चढायचा तर उन्हाआधी. बैल तापले की गाडी थांबलीच. म्हणून पोलादपूरचा दिवस झुंजूमुंजू व्हायच्या आत सुरू व्हायचा, शुक्राची चांदणी पाहून. तिथीशी त्याचा संबंध फक्त चांदण्यापुरता.

आता या दोन दिनक्रमांची गाठ पडायची तेव्हा काय होई ते पाहा. महाडला माल उतरणार भरतीच्या वेळेला, रोज पन्नास मिनिटे उशिरा. पोलादपूरचा गाडीवान मात्र रोज एकाच पहाटे घाटाला लागणार. पंधरवड्यातले काही दिवसच असे येत की पाणी आणि पहाट दोन्ही सोयीची. बाकीच्या दिवशी मध्ये एक रात्र पडायची. मालाला वखार लागे, माणसाला ओटा, बैलाला पेंढा. महाडच्या बाजारपेठेतल्या वखारी आणि धर्मशाळा वाढण्यामागे हे एक कारण आहे, असे मला वाटते. दोन वेळा न जुळल्याने जी पोकळी राहते, तिच्यावर व्यापार जगतो.

२५ डिसेंबर १९२७

इथपर्यंतचे सगळे घरगुती कुतूहल. पण या हिशोबाने मला आमच्या गावाच्या सर्वांत मोठ्या घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले.

१९ आणि २० मार्च १९२७ला महाडात परिषद झाली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. होळी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. परिषदेच्या उभारणीत दासगावात वाढलेले रा. बा. मोरे पुढे होते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मोटारवाले ऐनवेळी नकार देतील ही शक्यता होती, म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ तारखेला ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. रात्री हरिहरेश्वराला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ते खाडीने दासगावला उतरले, दुपारी साडेबाराच्या सुमारास. धक्क्यावर तीनेक हजार सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून पाच मैल चालत महाड. साडेचारला परिषद सुरू झाली आणि रात्री नऊला मनुस्मृतीचे दहन झाले.

चरित्रग्रंथांत या वेळा आपण वाचतो आणि पुढे जातो. मी तिथी काढली. २४ डिसेंबर १९२७ला अमावास्या होती, त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहणही होते, आपल्याकडून न दिसणारे. म्हणजे २५ला सकाळी शुद्ध प्रतिपदा. तिथीची पाऊणपट, तर किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी पाऊणच्या आसपास, दासगावला त्याहून थोडी उशिरा. तीही उधाणाची भरती. हरिहरेश्वरची रात्र आणि दुपारचे दासगाव यांची सांगड आता लागते. सकाळी निघालेली बोट चढत्या पाण्यावर खाडीत शिरली आणि पाणी भरत असताना धक्क्याला लागली. साडेबारा मुंबई वेळेचे धरा की प्रमाणवेळेचे, दोन्ही हिशोबांत पाणी चढतेच आहे. दासगावच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांना बोट केव्हा येणार हे घड्याळाने सांगायची गरज नव्हती. त्यांतले कितीतरी खाडीकाठचे, पाणी ओळखणारे होते. ज्यांना गावातल्या तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी होती, त्यांच्या नेत्याला सावित्रीच्या पाण्याने गावापर्यंत आणून सोडले.

त्याच धक्क्यावर दुसरी वेळही हजर होती, सरकारची. महाडच्या दिवाणी न्यायालयाने १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम दिला होता आणि पोलीस अधिकारी कलेक्टरांचे पत्र घेऊन बोटीची वाट पाहत होते. कोर्टापुढे फिर्यादींचे म्हणणे होते की तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे. ‘अनादी’ हाही काळाचाच दावा, आणि त्याला कोणतेच घड्याळ लागत नाही. हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. ज्यांनी काळाचा हवाला दिला, त्यांच्याकडे काळाचा पुरावा नव्हता. आमच्या गावाच्या इतिहासातले मला हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते.

पुढे युद्धात सरकारने घड्याळ आणखी एक तास पुढे नेले, १ सप्टेंबर १९४२पासून. नऊ दिवसांनी, १० सप्टेंबरला, नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या दिवशी कचेरीतले घड्याळ महाडच्या सूर्याच्या एक तास छत्तीस मिनिटे पुढे होते. सरकार आणि गाव यांच्यातले अंतर मोजायला याहून नेमके माप मला सापडलेले नाही.

पुलाची गोष्ट

दोन गावांच्या वेळा एक झाल्या त्या सडकेने. १९२८मध्ये राजेवाडीजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. मग मोटारी, मग एसटी. एसटीच्या वेळापत्रकाला ना भरती कळते ना कड्यावरचे ऊन. पोलादपूर रात्रीच्या गाड्यांचे चहाचे गाव झाले, महाडला औद्योगिक वसाहत आणि तीन पाळ्या आल्या. दासगावच्या धक्क्यावर गवत वाढले. आता कशेडीच्या बोगद्याने पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आणला आहे. बोगद्यात तर दिवस आणि रात्र एकच.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो १९२८चा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. ती आषाढी अमावास्या होती, दिव्यांची आवस. पुलावर गाड्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या होत्या. नदी तिच्या पाण्याने आली होती. पुढचे कित्येक दिवस खाडीकाठची गावे शोधात उतरली तेव्हा पुन्हा तिथी, भरती, सुकती हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी होते. पाणी कधी परतणार आणि काय घेऊन परतणार, ते एसटीचे वेळापत्रक सांगू शकत नव्हते. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला नवा पूल झाला.

आणि २२ जुलै २०२१. डोंगरात विक्रमी पाऊस, खाली आषाढ शुद्ध त्रयोदशीचे उधाण चढत चाललेले. तेराची पाऊणपट पावणेदहा, त्यात एकोणचाळीस मिनिटे : साडेदहाच्या आतबाहेर, सकाळी आणि रात्री. वरचे पाणी उतरायला निघाले तेव्हा खालच्या पाण्याने वाट अडवली आणि महाड बुडाले. पोलादपूरचा डोंगर आणि महाडची खाडी, दोन्ही घड्याळे त्या दिवशी एकदमच वाजली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. माझ्या दुकानात छातीभर पाणी होते. तीस वर्षे जमवलेली पंचांगे, पत्रिका, वखारीच्या वह्या यांचा लगदा झाला. मला पोहता येते, पण त्या वेळी मी काऊंटरवर उभा राहून नुसता पाहत होतो.

लग्नपत्रिका वाचली, कारण ती पोलादपूरला मामीच्या पेटीत होती. डोंगराच्या गावाने खाडीच्या गावाचा एक कागद राखला.

हल्ली पावसाळ्यात आमच्या गल्लीतली मुले मोबाईलवर भरतीची वेळ पाहतात. ती प्रमाणवेळेत येते, मिनिटागणिक नेमकी, पण मुंबईच्या धक्क्याची. तिथून महाडची वेळ कशी काढायची हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणून दुकान पुन्हा उभे केल्यावर मी गल्ल्याच्या वर भिंतीवर रंगाने एक ओळ लिहून घेतली : ‘तिथीची पाऊणपट, अधिक एकोणचाळीस मिनिटे, अधिक खाडीचा उशीर’. गिऱ्हाइके विचारतात, हे काय? मी सांगतो, आणि ऐकता ऐकता एखादा म्हातारा खारवी मान डोलावतो. २०२१चे पाणी जिथवर चढले होते, ती ओल भिंतीवर अजून दिसते. माझी ओळ तिच्या वीतभर वर आहे.